कोलोन, बांबेर्ग, पिल्सन: गावोगावची बिअर नीट चाखायची कशी?

मुलुंड_पूर्व:

नमस्कार मंडळी,

गणपती उरकले की मी, नवरा आणि धाकटा दीर असे तिघं जर्मनी आणि चेकला निघतोय. पहिला मुक्काम कोलोनला, नवऱ्याच्या मावसबहिणीकडे. मग बांबेर्ग, शेवटी प्राग आणि जमलं तर पिल्सन. किल्ले, चर्च, म्युझियमं यांचं सगळं दिराने बघितलंय. बिअरचं खातं माझ्याकडे आलंय, कारण घरात त्यात खरा रस मलाच.

माझी मजल अंधेरी आणि लोअर परळच्या टॅपरूमपर्यंत, म्हणजे नळातून ताजी बिअर देणाऱ्या बारपर्यंत. गव्हाची बिअर मनापासून आवडते, स्टाउट चालते, आयपीएचा कडवटपणा हळूहळू अंगवळणी पडतोय. पण एका बैठकीत तीन-चार प्रकार झाले की जीभ बधिर होते आणि पुढचं सगळं एकसारखंच लागतं. एवढ्या लांब जाऊन तसं व्हायला नको.

तर विचारायचं असं, की दिवसाला साधारण किती आणि काय मागवावं? छोट्या ग्लासांचा सँपलर तिकडे सगळीकडे मिळतो का? चवी लक्षात राहाव्यात म्हणून कुणी काय करतं? बाटल्या घेऊन येता येतात का? आणि नवरा अजिबात घेत नाही. त्याला प्रत्येक ठिकाणी नुसतं पाणी घेऊन बसवायचं मला बरं वाटत नाही.

कांदिवलीकर:

जास्तीत जास्त प्रकार चाखा, पुन्हा कधी जाणं होईल सांगता येत नाही. मी मोबाइलवर अ‍ॅपमध्ये प्रत्येक बिअरची नोंद करतो, फोटोसकट. प्रागमध्ये क्राफ्ट बिअरचे पब भरपूर आहेत, तिथे चार-पाच छोटे ग्लास एकदम मिळतात. एका संध्याकाळी दोन पब आरामात होतात. सोबत खात राहा, म्हणजे चढत नाही.

डोंबिवली_पॅकिंग:

मुलुंडताई, पॅकिंग मशीनच्या कामानिमित्त माझं नुरेंबर्गला जाणं-येणं असतं. तिथून बांबेर्ग ट्रेनने पाऊण तासाच्या आत. काम आटपलं की हॉटेलवर पडून राहण्यापेक्षा मी गाडी पकडतो. त्यामुळे तुमच्या वाटेवरचं बरंचसं पाहिलेलं आहे. प्रतिसाद लांबेल, पण विषय जिव्हाळ्याचा आहे.

कांदिवलीकरांचा सल्ला प्रागच्या नव्या पबांसाठी ठीक आहे. कोलोन आणि बांबेर्गमध्ये मात्र तसं करू नका. आपल्याकडच्या टॅपरूममध्ये एकाच छताखाली जर्मन पद्धतीची गव्हाची, बेल्जियन पद्धतीची गव्हाची म्हणजे विट, आयरिश स्टाउट, अमेरिकन आयपीए असं सगळं बनतं. तिथे काय घ्यावं हे ठरवायला सँपलर लागतोच. कोलोनच्या जुन्या ब्रुअरीत प्रश्नच येत नाही, कारण तिथे बिअर एकच: कोल्श. कॅथेड्रलपासून चालत दोन-चार मिनिटांवर फ्र्यू आहे, १९०४ पासून सुरू असलेली. तिथे जाऊन बसा. २०० मिलीचा उंच, सरळ, पातळ काचेचा ग्लास येतो. निळ्या एप्रनमधला वेटर, त्याला कोबेस म्हणतात, गोल ट्रे घेऊन फिरत असतो. ग्लास रिकामा दिसला की न विचारता भरलेला ठेवतो आणि तुमच्या पुठ्ठ्याच्या बिअरमॅटवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. थांबायचं असेल तेव्हा तो मॅट उचलून ग्लासच्या तोंडावर ठेवायचा. बिल त्या रेघा मोजूनच होतं. बोलायला हे लोक फटकळ असतात, ती तिथली रीत आहे, मनाला लावून घेऊ नका.

ग्लास एवढा लहान, कारण कोल्शचा फेस लवकर बसतो आणि मग ती मवाळ लागायला लागते. बनवताना एल प्रकारच्या बिअरच्या यीस्टने थोड्या उबेत आंबवतात आणि पुढे लागर या दुसऱ्या प्रकारासारखी थंडीत मुरवतात. म्हणून रंगरूप लागरचं, पण नाकाला किंचित फळाचा वास. तो वास पहिल्या दोन घोटांत सापडतो, त्यामुळे ग्लास आला की आधी नाक लावा.

कोलोनपासून ड्युसेलडॉर्फ साधारण चाळीस किलोमीटर, ट्रेनने अर्धा तास. तिथली बिअर म्हणजे आल्ट, तांबूस आणि बरीच कडू. दोन्ही गावांचं बिअरवरून जुनं वैर आहे. एक दिवस दुपारी कोल्श आणि संध्याकाळी तिकडे जाऊन ऊरिगे ब्रुअरीची आल्ट, अशी जोडी लावा. आंबवण्याची रीत जवळजवळ सारखी, पण एकीत माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) फिकट, दुसरीत भाजून गडद केलेला आणि हॉप्सचा, म्हणजे कडूपणा देणाऱ्या फुलांचा, हात सढळ. माल्ट आणि हॉप्स चवीत काय करतात हे त्या दोन ग्लासांत जेवढं कळतं, तेवढं मला कुठल्याच सँपलरमधून कळलेलं नाही.

आता बांबेर्ग. इथे खरं तर दोन संध्याकाळी ठेवा. जुन्या गावात श्लेंकेर्ला नावाचं ठिकाण आहे, तिथली राउखबिअर, म्हणजे धुराची बिअर. जव भिजवून मोड आणतात आणि मग वाळवतात, तो माल्ट. पूर्वी वाळवायला लाकडाचा जाळच असायचा, त्यामुळे माल्टला धूर लागायचाच. पुढे धूर न लागू देणाऱ्या भट्ट्या आल्या आणि जवळपास सगळ्या जगाने जुनी रीत सोडली. बांबेर्गमध्ये बीच लाकडाचा जाळ अजून आहे. पहिल्या घोटाला मला कोकणात निखाऱ्यावर भाजलेल्या सुक्या बांगड्याची आठवण होते, इतका तो धूर थेट असतो.

तुम्ही आणि दिराने मिळून अर्ध्या लिटरचा एकच ग्लास घ्या, पण तो पूर्ण संपवा. पहिल्या काही घोटांत फक्त धूर कळतो. ग्लास अर्ध्यावर येईपर्यंत नाक धुराला सरावतं आणि मागे दबलेला माल्टचा गोडवा, भाजलेल्या पावाच्या सालीचा वास, शेवटी हॉप्सचा बारीक कडूपणा, हे सगळं एकेक करून वर येतं. सँपलरमधल्या १०० मिलीत तुम्ही नुसता धूर पिऊन उठाल आणि 'ही काही आपली बिअर नाही' म्हणाल. लाकडी पिंपातून ती वायूच्या दाबाशिवाय, आपल्या वजनाने उतरते. म्हणून जिभेला टोचत नाही. एवढं करूनही धूर जड वाटला, तर त्याच गावात श्पेत्सियाल नावाची ब्रुअरी आहे, तिचा धूर हलका असतो. हवा चांगली असेल तर टेकडीवरच्या बिअर गार्डनमध्ये जा. बव्हेरियातल्या पारंपरिक बिअर गार्डनमध्ये स्वतःचं खाणं नेऊन बसायची मुभा असते, बिअर तेवढी त्यांची घ्यायची. तरी बसण्याआधी विचारून घ्या.

पिल्सनबद्दल थोडक्यात. 'जमलं तर' म्हणू नका, जाच. प्रागहून ट्रेनने दीडेक तास. १८४२ मध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियातल्या ब्रुअरने तिथे पहिली फिकट सोनेरी लागर बनवली. त्या गावचं पाणी फार मऊ आहे, क्षार अगदी कमी. त्यात झाटेत्स गावचे हॉप्स आणि फिकट माल्ट. आपल्या वाइन शॉपच्या फ्रिजमध्ये जी सोनेरी लागर असते तिचं घराणं तिथून सुरू होतं. ब्रुअरीची टूर असते आणि तळघरात ओकच्या पिंपातून न गाळलेली, पाश्चराइज न केलेली बिअर चाखायला देतात. तळघर थंडगार असतं, स्वेटर जवळ ठेवा.

चेकमध्ये मेन्यूवर १० किंवा १२ असे आकडे दिसतील. ते अल्कोहोलचे टक्के नव्हेत. आंबवण्याआधीच्या द्रावात साखर वगैरे किती विरघळलेली आहे त्याचा तो अंश आहे. १० म्हणजे साधारण ४ टक्के अल्कोहोल, १२ म्हणजे ५ च्या आसपास. आपल्याकडची 'स्ट्राँग' ५ पासून ८ टक्क्यांपर्यंत जाते, त्यामानाने हे सौम्यच. तिथे एकाच नळातून कमी-जास्त फेस ठेवून बिअर भरतात. कमी घ्यायची असेल तर श्निट मागा. त्यात बिअर कमी आणि फेस भरपूर. फेस मऊ, दाट असतो, तो बाजूला सारू नका.

जीभ बधिर होण्याबद्दल. याचा अभ्यास मुंबईतच करून जा. आपण बिअर 'चिल्ड' मागतो आणि इतक्या थंडीत जिभेला फार काही कळत नाही. दुसरं कारण चखणा. मसाला पापड, चिली चिकन, शेझवान काहीतरी तोंडात गेलं की पुढे फक्त तिखट आणि थंड एवढंच उरतं. डूलाली या ब्रुअरीने २००९ मध्ये पुण्यात सुरुवात केली आणि २०१५ मध्ये अंधेरीला टॅपरूम काढला, तिथे जाऊन जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर मागवा आणि पंधरा मिनिटं तशीच ठेवा. सोबत उकडलेल्या शेंगा घ्या, नाहीतर नुसता पाव. मग वास घ्या. पिकलेलं केळं आणि लवंग येईल. यातलं काहीही बिअरमध्ये घातलेलं नसतं, ते यीस्टच तयार करतं. मग बेल्जियन विट मागवा. तिच्यात मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखर घालतात. हे दोन वास एकदा वेगळे ओळखता आले की पुढे कुठेही चाचपडावं लागत नाही. दोन बिअरच्या मध्ये पाणी प्या, भरपूर.

नोंदींसाठी अ‍ॅपची गरज नाही. आकडा वाढवायच्या नादात दुसरी बिअर लवकर मागवली जाते. मी बिअरमॅटच्या मागे लिहितो: वास कसला, पहिला घोट कसा, गिळल्यावर काय उरलं. मॅट खिशात घालून आणायचा. जागेचं नाव त्यावर छापलेलंच असतं.

आता माझ्या धंद्यातलं. बाटली तपकिरी काचेची बघून घ्या. हॉप्समधली कडू द्रव्यं उजेडात बिघडतात आणि अगदी थोड्या वेळात बिअरला कुबट, उग्र वास यायला लागतो. तपकिरी काच तो उजेड अडवते. पातळ औषधांच्या बाटल्या आम्ही तपकिरी घेतो त्यामागेही उजेडच आहे. हिरवी आणि पारदर्शक काच दिसते छान, अडवत फारसं काही नाही. कॅन सगळ्यांत उत्तम, उजेड शून्य. जर्मनीत अर्ध्या लिटरच्या बाटल्या धुऊन पुन्हा भरतात. हातात आली की खांद्याजवळ आणि बुडाजवळ बोट फिरवून बघा, पांढुरके, खरखरीत पट्टे लागतील. भरायच्या लाइनवर बाटल्या एकमेकींना घासून ते पडतात. पट्टा जितका रुंद तितके तिचे फेरे जास्त. परत दिलीत तर ८ सेंट मिळतात. संध्याकाळी बाहेर न जाता सुपरमार्केटमधून दोन वेगळ्या बाटल्या आणून खोलीत शांतपणे चाखणं हा स्वस्त आणि चांगला मार्ग आहे.

मुंबईला आणायचं म्हणाल तर कस्टममध्ये माणशी २ लिटरची सूट आहे आणि त्यात दारू, वाइन, बिअर सगळं मिळून धरतात. म्हणजे अर्ध्या लिटरच्या ४ बाटल्या. चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. कोल्श आणि पिल्सनर आणू नका, त्या ताज्याच प्यायच्या. राउखबिअर आणा. आणि घरी आल्यावर माळ्यावर नाही, फ्रिजमध्ये ठेवा. आपल्या उकाड्यात बिअर झपाट्याने शिळी होते.

परळचा_मालवणी:

डोंबिवलीकर साहेब, प्रतिसाद साठवून ठेवला. सुका बांगडा वाचून तर तिकीट काढावंसं वाटलं. पण सँपलरवर तुम्ही जरा अन्याय केलात. मी कामासाठी बंगळुरूला बराच राहिलो. टोइट हा स्वतःची बिअर बनवणारा पब २०१० पासून इंदिरानगरला आहे, आर्बर २०१२ मध्ये आलं. तिथे नळांवर पाच-सहा प्रकार असतात आणि मोसमाप्रमाणे एखादा बदलतो. माणूस एका मुक्कामात सगळं पूर्ण ग्लासाने कसं पिणार? सँपलर घ्यायचा, फिकटापासून गडदाकडे, कमी कडूपासून जास्त कडूकडे जायचं, आणि जी आवडली तिचा एक पूर्ण ग्लास. दोन्ही गोष्टी होतात.

दुसरं, आपल्याकडच्या टॅपरूममध्ये सगळं बाहेरच्या घराण्याचंच बनतं, असं तुमच्या प्रतिसादावरून वाटतं. तेवढंच नाही. पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सने मीठ घातलेली कोकमाची एल काढली. कोकमाचा आंबटपणा आणि मिठाची कड, घोटाच्या शेवटी जिभेच्या कडांना अशी काही ओढ बसते की मासे असते तर बरं झालं असतं असं वाटतं. ही चव जर्मनीत कुणाला सुचणार नाही. तुमच्या डोंबिवलीतही गेटवे ब्रुअरीने व्हाइट झेन बनवली, गव्हाचीच, पण आपल्या हवेत पिण्याजोगी.

आणि मुलुंडताई, पुढच्या खेपेला सिक्कीमला जा, तोंगबा प्या. बांबूच्या किंवा लाकडाच्या उंच भांड्यात आंबवलेली नाचणी गच्च भरून देतात. वरून कढत पाणी ओतायचं, पाचेक मिनिटं थांबायचं आणि बांबूच्या नळीने ओढायचं. नळीचं खालचं टोक बंद असतं, बाजूला बारीक चिरा असतात, म्हणून दाणे तोंडात येत नाहीत. संपलं की पुन्हा गरम पाणी. पहिल्या पाण्याला किंचित आंबूस आणि दमदार, पुढे पुढे मऊ आणि गोडसर. बाहेर कडाक्याची थंडी आणि दोन्ही हातांत ते ऊबदार भांडं. बिअर गरम प्यायची असते हे मला तिथे जाऊन कळलं आणि इतकं पटलं की इतरांना सांगत सुटलो.

जाता जाता एक. गोव्याहून कुणी बाटल्या आणत असेल तर महाराष्ट्र एक्साइजचा परवाना लागतो, बांद्याच्या पुढे इन्सुलीला गाड्या तपासतात.

पार्लेकरीण:

कोलोनहून ब्रसेल्स वेगवान ट्रेनने दोन तासांच्या आत आहे. एक दिवस काढता आला तर कांतियों ब्रुअरी बघाच. आंदरलेख्त भागात, म्युझियम म्हणून उघडी असते. तिथे यीस्ट घालतच नाहीत. उकळलेला द्राव रात्रभर माळ्यावर तांब्याच्या उथळ, पसरट हौदात उघडा ठेवतात आणि हवेतले जंतू त्यात उतरून तो आंबतो. हे फक्त थंडीच्या महिन्यांत करतात, उन्हाळ्यात नको ते जंतू येतात म्हणून. मग लाकडी पिंपांत वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. वेगवेगळ्या वयाच्या बिअर मिसळून बाटलीत भरतात ती गझ. सडकून आंबट असते. एक ग्लास दोघांत पुरे. आणि बाटली आणायची असेल तर हीच आणा, ही वर्षानुवर्षं टिकते.

मुलुंड_पूर्व:

सगळ्यांचे मनापासून आभार. ब्रसेल्सचा दिवस बसतो का ते दिराशी बोलते. अंधेरीचा अभ्यास याच शनिवारी, मैत्रिणीला सांगून ठेवलंय की मसाला पापड मागवायचा नाही. पण नवऱ्याबद्दल कुणीच काही लिहिलं नाही. तो दारूचा थेंबही घेत नाही, वासाला मात्र त्याची हरकत नसते. त्याला तिथे काय मिळेल?

डोंबिवली_पॅकिंग:

राहिलंच ते. जर्मनीत गव्हाची बिनअल्कोहोलची बिअर बहुतेक सगळीकडे मिळते आणि चांगली असते. केळं-लवंगेचा वास तिच्यातही थोडाफार येतो, त्यामुळे साहेबांना तुमच्याबरोबर वास ओळखण्यात भाग घेता येईल. एक काळजी मात्र घ्या. तिथे लेबलवर 'अल्कोहोलफ्राय' लिहिलेलं असलं तरी त्यात ०.५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असू शकतं. थेंबही चालत नसेल तर ०.० असं छापलेली बाटली मागा. माल्त्सबिअर म्हणून एक गडद, गोड पेय मिळतं, ते मुलंसुद्धा पितात. माल्ट म्हणजे काय चव हे त्यातून स्वच्छ कळतं, पण त्याचंही लेबल एकदा वाचून घ्या.

चेकमध्ये कोफोला मागा. कोलाच्या जातीचं, पण कमी गोड आणि औषधी वनस्पतींच्या चवीचं पेय आहे, १९६० पासूनचं. पुष्कळ पबांत ते बिअरच्याच रांगेतल्या नळातून, मोठ्या ग्लासात देतात. आणि पिल्सनची टूर आधी ऑनलाइन बुक करा. इंग्रजीतल्या वेळा मोजक्याच असतात.